हजेरीच्या वहीत नसलेली नावं

(असंघटित कामगार आणि स्त्रिया या विषयावरच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यातला सैलपणा फारसा काढलेला नाही.)

मला ‘जुनी जहाजं तोडण्याचा धंदा आणि त्यातले धोके’ असा विषय दिला आहे. सकाळी चहा घेताना एका मैत्रिणीनं विचारलं, “तिथं कामाला सगळे पुरुषच ना? मग हा विषय युनियनच्या सभेत घ्यायचा, आपल्याकडे कशाला?” प्रश्न रास्त आहे. पंचवीसतीस वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. जहाजावर चढणारे, गॅस कटर चालवणारे, पत्रे वाहणारे जवळजवळ सगळे पुरुषच असतात. पण त्यातला एखादा मेला की तो तिथं कामाला होता हे सिद्ध करायचं काम बाईवर येतं. मी आज मुख्यतः त्या कामाबद्दल बोलणार आहे.

मी हे शिकले मुंबईत, दारूखान्यात. दारूखाना म्हटलं की आपल्या दारूबंदीवाल्या मैत्रिणी कान टवकारतात, म्हणून आधीच सांगते, ही दारू बंदुकीची. रे रोड स्टेशनला उतरून समुद्राकडे चालायला लागलं की लकडी बंदर, कोळसा बंदर, पावडर बंदर अशी नावं लागतात. जमीन तेव्हा पोर्ट ट्रस्टची. गल्लीच्या दोन्ही बाजूंना साखळ्या, नांगर, दोरखंड, पंप, इंजिनाचे सुटे भाग. आपली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०१४ साली इथंच तोडायला घेतली. पुढे तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली, जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. ‘विक्रांत’चं पोलाद कुठं गेलं हे साऱ्या देशाला माहीत आहे. ती कापणाऱ्या माणसांपैकी एकाचं तरी नाव आपल्यापैकी कुणाला माहीत आहे का?

मोठी जहाजं आता दारूखान्यात येत नाहीत. ती गुजरातमध्ये अलंगला जातात, भावनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर. १३ फेब्रुवारी १९८३ला तिथं पहिलं जहाज वाळूवर चढवलं. अलंगच का, तर खंभातच्या आखातातली भरती. जगातल्या सर्वात मोठ्या भरतींपैकी ती एक आहे, उधाणाला पाणी दहा मीटरपर्यंत चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्याकडे हाणतात, ते गाळात रुततं, आणि ओहोटी लागली की ते उघडं पडतं. गोदी बांधायला नको, क्रेन नको, खर्च नको. मग माणसं वर चढतात आणि वरून खाली, पुढून मागे असं ते कापत येतात. कापलेला तुकडा खाली गाळात पाडतात आणि विंचच्या तारेनं ओढून वर आणतात.

यात माणूस मरतो कसा, तर उंचावरून पडून, कापलेला पत्रा अंगावर येऊन, ओढताना तुटलेल्या तारेचा फटका बसून. आणि आगीनं. तेलाची टाकी रिकामी झाली तरी तिच्यात वाफ राहते. ती वाफ काढून टाकल्याचं, हवा तपासल्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तिथं ज्योत न्यायची नाही, असा नियम आहे. पण जहाज विकत घ्यायला कर्ज काढलेलं असतं, व्याज दिवसागणिक चढतं, आणि टाकीतली हवा तपासायला दिवस जातात. तुम्हीच हिशोब करा. १ नोव्हेंबर २०१६ला पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर एका तेलवाहू जहाजात स्फोट झाला, निदान २६ कामगार गेले. अलंगलाही ऑगस्ट २००९मध्ये सहा, ऑक्टोबर २०१२मध्ये सहा, जून २०१४मध्ये पाच, हे सगळे आगीत किंवा स्फोटात गेलेले. एकेकटे पडून मेलेल्यांची बातमी येत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. १९९८ साल. आमच्या वस्तीत उत्तर प्रदेशातून आलेली एक बाई राहायची, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. दोन मुलं, तिसऱ्याचे दिवस. नवरा पावडर बंदरला कटर होता, तीस वर्षांचा. एके दिवशी दुपारी तो जहाजाच्या पोटात पडला. इस्पितळात नेईपर्यंत संपला. तिसऱ्या दिवशी मुकादम घरी आला. पाकिटात दहा हजार रुपये, सोबत टाईप केलेला कागद. “भाभी, इथं अंगठा लावा. शेठनं माणुसकी म्हणून दिलेत.” ती लिहायला-वाचायला शिकत होती, आमच्या साक्षरतेच्या वर्गाला यायची. अंगठा लावायची तिला लाज वाटली, म्हणून ती म्हणाली, “दीदी आल्या की सही करते.” त्या एका लाजेनं ती वाचली, नाहीतर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या कागदावर लिहिलं होतं की मयत इसम आमच्याकडे कामाला नव्हता, तो भंगार बघायला आत शिरला होता, आणि ही रक्कम निव्वळ दयाबुद्धीनं देत आहोत.

आम्ही युनियनच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून शंभर ठिकाणी सांगत आले आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा. त्याप्रमाणे कामावर मेलेल्या माणसाचा निम्मा पगार घ्यायचा आणि त्याच्या वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तीस वर्षांच्या माणसाला हा आकडा जवळजवळ २०८. त्या वेळी कायदा दोन हजारांच्या वरचा पगार धरतच नव्हता, तरी हिशोब दोन लाखांच्या वर जात होता. मुकादमाच्या पाकिटात होते दहा हजार.

दुसरी गोष्ट. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. तिसरी, आणि ही लिहून घ्या, कारण प्रत्येक मुकादम ती वापरतो : “तो प्यायला होता” किंवा “त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं” हे कारण मृत्यूच्या प्रकरणात चालत नाही. १९९५च्या दुरुस्तीनंतर कायम पूर्ण अपंगत्व आलं असेल तरी चालत नाही. किती बायका हे ऐकून गप्प बसल्या असतील! नवरा खरंच पीत असला तर तिलाही वाटतं, चूक आमचीच.

चौथी गोष्ट ऐकून मी वकिलांशी भांडले होते. त्या कायद्याचं आठवं कलम म्हणतं की मृत्यूची भरपाई मालकानं परस्पर वारसांच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिलेले पैसे, थोडी उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. इथवर ठीक. पण त्याच वाक्यात पुढे आहे की एकरकमी भरपाई बाईला किंवा कायद्यानं अक्षम असलेल्या व्यक्तीला द्यायची असेल तर तीही आयुक्तांकडेच. म्हणजे अज्ञान मूल, वेडा माणूस आणि बाई, तिघं एका ओळीत. मी चिडून म्हटलं, “हा काय कायदा आहे?” वकील शांतपणे म्हणाले, “चिडा. पण आधी हिच्या दिराला भेटा.”

दीर गावाहून आलाच होता. तो दहा हजार घेऊन वहिनीला गावी न्यायला तयार होता. पैसे आयुक्तांकडे जमा होतात म्हटल्यावर त्याचा उत्साह ओसरला. मला त्या कलमातला अपमान अजून खुपतो. आणि त्याच कलमामुळे त्या बाईचे पैसे वाचले हेही मी नाकारू शकत नाही. मैत्रिणींनो, आपल्या कामात असं वारंवार होतं, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पण हे सगळं कधी, तर तो तिथं कामाला होता हे ठरल्यावर. ठरवायचं कशावरून? हजेरीपत्रक मागितलं तर त्यात त्याचं नाव नाही. पगार रोख, पावती नाही. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तिघांपैकी एक गावी निघून गेला, एक म्हणाला “मला उद्या पुन्हा तिथंच जायचंय”, एक कसाबसा तयार झाला.

मग ती बाई एकदम म्हणाली, “मावशीची वही आहे ना!”

मावशी म्हणजे काळाचौकीची एक खाणावळवाली. नवरा गिरणीत होता, १९८२च्या संपात घरी बसला तो बसलाच. तेव्हापासून ती डबे करायची. तुमच्यातल्या ज्यांनी गिरणगावात काम केलं आहे त्यांना सांगायला नको, संपानंतर किती घरं अशी बायकांच्या पोळपाटावर चालली. तिचे वीसेक डबे बंदरावर जायचे. डब्याचे पैसे मुकादम आठवड्याला तिला द्यायचा आणि कामगारांच्या पगारातून कापून घ्यायचा. म्हणून ती वही ठेवायची. डावीकडे नावं, वर तारखा, डबा गेला की उभी रेघ, नाही गेला की शून्य. शनिवारी खाली बेरीज, आणि बेरजेखाली मुकादमाची सही. सही का, तर एकदा त्यानं पैसे बुडवले होते. तेव्हापासून सहीशिवाय डबा नाही, असा तिचा कायदा.

त्या वहीत या माणसाच्या नावापुढे दोन वर्षं उभ्या रेघा होत्या. तो मेला त्या दिवसाचीही रेघ होती.

मावशी आयुक्तांसमोर उभी राहिली. समोरच्या वकिलानं विचारलं, “तुम्हाला लिहिता-वाचता किती येतं?” ती म्हणाली, “साहेब, मला माझे पैसे मोजण्याइतकं येतं.” वही आणि एक साक्षीदार, एवढ्यावर तो कामगार होता हे मान्य झालं. निकालाला साडेतीन वर्षं लागली. रकमेचा काही भाग तिच्या नावे, काही मुलांच्या नावे बँकेत, आणि काही सासूला मिळाला. सासू विधवा होती, तिचाही हक्क होताच. दीर तेव्हाही आला होता, या वेळी आईचा हात धरून.

मी ही यशाची गोष्ट म्हणून सांगत नाही. मावशीनं त्यानंतर बंदरावरचे सगळे डबे गमावले, मुकादमानं दुसरी खाणावळ लावली. तिला आम्ही ते भरून देऊ शकलो नाही. हे आमच्या अहवालात कधी आलं नाही, म्हणून इथं बोलते.

त्यानंतर काही वर्षांनी मी युनियनच्या मैत्रिणीबरोबर अलंगला गेले. युनियन म्हणजे मुंबईच्या गोदी कामगारांची. तिनं आधी दारूखान्यात आणि मग अलंगला या कामगारांना संघटित करायला घेतलं. हे सोपं नव्हतं. माणसं ओडिशाची, उत्तर प्रदेशची, बिहारची, झारखंडची. गुजराती मालक, गुजराती मुकादम, आणि कामगाराला गुजराती येत नाही.

रस्त्याच्या एका बाजूला प्लॉट, ओळीनं, किनाऱ्याच्या दहाएक किलोमीटरच्या पट्ट्यात. प्रत्येक प्लॉटला नंबर. आणि महुव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजार : जहाजातले सोफे, काचेची भांडी, दारं, गाद्या, स्वयंपाकघरातल्या मोठाल्या कढया. भावनगरच्या बायका तिथं सामान घ्यायला येतात, मीसुद्धा एक झारा घेतला. यार्डांच्या समोर कामगारांच्या खोल्या, फळ्या आणि पत्रे ठोकून उभ्या केलेल्या, त्याही जहाजातल्याच फळ्या. एकेका खोलीत आठ-दहा माणसं. संडास नाही, पाणी विकत.

एका खोलीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातली मुलं होती. मी त्यांना विचारलं, “तुमच्या बायकोला तुमचा पत्ता माहीत आहे का?” सगळे हसले. एक म्हणाला, “माहीत आहे. अलंग.” प्लॉटचा नंबर? नाही. ठेकेदाराचं नाव? नाही. दर दोन-चार महिन्यांनी प्लॉट बदलतो, कशाला सांगायचं. म्हणजे त्यांच्यातलं कुणी मेलं तर पंधराशे किलोमीटरवरच्या एका बाईला दीडशेहून जास्त प्लॉटांपैकी एका प्लॉटवर हक्क सांगायचा होता, आणि तिच्या हातात एकच शब्द होता.

परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी क्रमांक असतो. मालक बदलो, नाव बदलो, देश बदलो, तो क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. शेवटच्या फेरीला जहाजाचं नाव बहुतेकदा बदलतातच. युरोपातला किंवा जपानमधला मालक जहाज एका दलालाला रोख पैशांत विकतो, दलाल त्यावर कोमोरोससारख्या कुठल्यातरी छोट्या देशाचा झेंडा लावतो, नावातली दोन-चार अक्षरं खोडतो. तरी तो क्रमांक तसाच राहतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कार्यालयात बसून ते जहाज कुठून कुठं गेलं हे काढता येतं. आणि ते कापणाऱ्या माणसाची नोंद एका खाणावळवालीच्या वहीत.

आपल्या देशात या विषयावर जेव्हा मोठा गाजावाजा झाला, तोही जहाजाच्याच बाबतीत. २००५ सालच्या शेवटी फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका अलंगला यायला निघाली. तिच्यात अॅस्बेस्टॉस किती यावर रोज छापून येत होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तिला तूर्त हद्दीबाहेर ठेवलं आणि फेब्रुवारी २००६मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी तिला परत बोलावलं. पुढे ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तोडली. त्याच वर्षी ‘ब्लू लेडी’ नावाचं प्रवासी जहाज आलं, त्यातही अॅस्बेस्टॉस होतंच. २००७मध्ये न्यायालयानं ते तोडायला परवानगी दिली आणि सगळे विसरले.

त्या वादातून एक चांगलं झालं. न्यायालयासाठी २००६मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं अहवाल केला. त्यात आहे की या धंद्यात वर्षाला हजार कामगारांमागे दोन मृत्यू होतात. सर्वात धोक्याचा मानला जाणारा धंदा खाणीचा, तिथं हे प्रमाण ०.३४. म्हणजे जवळजवळ सहापट. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी अलंगच्या कामगारांची पाहणी केली. १९८३ ते २०१३ या तीस वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणेच चारशेहून जास्त कामगार तिथं मेले. ‘सरकारी नोंदीप्रमाणे’ हे शब्द मी मुद्दाम म्हणते. भाजलेला माणूस गावी नेऊन मेला तर तो कोणत्या नोंदीत येणार?

त्याच समितीपुढे अॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ कामगारांचे एक्स-रे होते. पंधराजणांच्या छातीत त्या रोगाची शंका यावी अशा रेषा दिसल्या. आता इथं आपण बायका थेट येतो. हा धागा डोळ्यांना दिसत नाही, कपड्यात अडकतो. माणूस संध्याकाळी घरी येतो, बाई त्याचा शर्ट झटकते, भिजत घालते, घासते. १९६५ साली लंडनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरचे जुने रोगी तपासले, तेव्हा त्यांना अशा बायका सापडल्या की ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, नवऱ्याचे कामाचे कपडे तेवढे धुतले होते. रोग दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. अॅस्बेस्टॉसनं मेल्याची वैद्यकीय नोंद झालेली पहिली व्यक्तीही बाईच होती, रॉचडेलची नेली केरशॉ, १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी गेली. कंपनीनं अंत्यविधीचा खर्चही दिला नाही, कारण एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. दारूखान्यातल्या त्या वेळच्या बायकांपैकी किती आज खोकत असतील आणि डॉक्टर टी.बी.च्या गोळ्या देत असतील? आपल्याकडे कपडे धुणं हे कामच धरत नाहीत, तेव्हा त्यातून होणारा रोग कामाचा रोग म्हणून कोण धरणार?

आता कायदे बरेच झाले. २००९ साली हाँगकाँगला आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानं २०१९मध्ये तो स्वीकारला आणि त्याच वर्षी जहाज पुनर्वापराचा कायदा केला. २०२३मध्ये बांगलादेश आणि लायबेरिया आले आणि २६ जून २०२५पासून करार जगभर लागू झाला. प्रत्येक जहाजाबरोबर त्यातल्या घातक पदार्थांची यादी हवी, यार्डाला परवाना हवा. अलंगच्या अनेक प्लॉटांवर आता काँक्रीटचं तळ, क्रेन, हेल्मेट, प्रशिक्षण आलेलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. आमच्यातल्या काही मैत्रिणी ते कबूल करत नाहीत, मला ते बरोबर वाटत नाही. पण जहाज गाळावर चढवून तोडायला या करारात बंदी नाही. आणि घातक पदार्थांची यादी जितकी काळजीनं करतात तितक्या काळजीनं कामगारांची यादी केली तर माझं अर्धं भाषण संपेल.

बांगलादेशातली एक गोष्ट सांगते, कारण ती एका बाईनं केली आहे. चट्टग्रामच्या किनाऱ्यावर ‘एकता’ नावाच्या तेलवाहू जहाजावरून पडून २०१८मध्ये एक कामगार मेला. त्याच्या विधवेनं त्या यार्डवाल्याला सोडून थेट लंडनच्या कोर्टात दावा केला, जहाज विकण्याच्या व्यवहारात असलेल्या तिथल्या कंपनीवर. कंपनीचं म्हणणं, आम्ही जहाज दलालाला विकलं, पुढचं आम्हाला काय ठाऊक? दावा फेटाळून टाका. २०२१च्या मार्चमध्ये तिथल्या अपील न्यायालयानं तो फेटाळायला नकार दिला. एक मुद्दा मला फार आवडला : मिळालेल्या किमतीवरूनच कळत होतं की जहाज कुठल्या किनाऱ्यावर जाणार. सुरक्षित गोदीत तोडणारा एवढी किंमत देऊ शकत नाही. वरचे पैसे येतात ते माणसाच्या जिवातून. हा निकाल म्हणजे भरपाई मिळाली असं नव्हे, दावा चालवण्याजोगा आहे इतकंच. पण विकणाऱ्याच्या दारापर्यंत एक बाई पोचली. त्या देशात सईदा रिझवाना हसन या वकीलबाई वर्षानुवर्षं या यार्डांविरुद्ध कोर्टात लढल्या होत्या, २००९मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. असं रान आधी कुणीतरी नांगरावं लागतं.

आता कामाचं बोलू. जहाजतोडणीचे कामगार फक्त किनाऱ्यावर नसतात. तुमच्या गावातूनही माणसं बाहेर जातात, जहाजावर नाही तर बांधकामावर, वीटभट्टीवर, फटाक्यांच्या कारखान्यात. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९चा कायदा होता, त्यात ठेकेदारानं फोटो लावलेलं पासबुक द्यायचं होतं. इतक्या वर्षांत मी असं एकही पासबुक पाहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, तो कायदा आणि १९२३चा भरपाईचा कायदा त्यांत विरले. संहितांबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्या दुपारच्या सत्रात मांडू. पण त्यात प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे. ते मागायला सुरुवात करा. नवऱ्याला मागायला भीती वाटते, काम जाईल म्हणून, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून एकट्यानं मागू नये, वीसजणांनी मिळून मागावं.

आणि पत्र मिळेपर्यंत वही. आमच्या संघटनेनं केली आहे ती दाखवते. हे बघा, शाळकरी वही आहे, रकाने आखलेले. माणूस कुठं गेला, कोणत्या तारखेला, कुणाबरोबर, मुकादमाचं नाव आणि फोन, मालकाचं किंवा प्लॉटचं पाटीवरचं नाव, पैसे कधी आले आणि किती. घरी राहिलेल्या बाईनं ठेवायची. दर रविवारी फोन आला की आधी विचारायचं, “आता कुठल्या पाटीखाली आहात?” हल्ली मोबाईल आहेत, त्याला त्या पाटीचा फोटो पाठवायला सांगा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. सुरुवातीला नवरे वैतागतात, “पोलिसासारखी काय चौकशी करतेस?” वैतागू द्या.

काही वाईट घडलंच तर तीन गोष्टी. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा नाही. पोलिसांच्या पंचनाम्याची आणि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागून घ्यायची. आणि दाव्याला उशीर नको. जुन्या कायद्यात दोन वर्षं होती, आता वकील मैत्रिणीला पहिल्याच आठवड्यात गाठा. १९९५च्या दुरुस्तीनं बाई जिथं राहते तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करायची सोय झाली होती. आम्हाला ते फार उशिरा कळलं, तोवर दोन बायकांना आम्ही उगाच परराज्यात खेपा घालायला लावल्या.

वह्या बाहेर टेबलावर आहेत, एका गटाला पाच. पहिल्या पानावर मावशीच्या वहीतलं एक पान नमुना म्हणून उतरवून दिलं आहे, नावं वगळून. प्रश्न असतील तर आत्ता विचारा, माझी गाडी सव्वासहाची आहे.